एम.ए. मराठी, आरपी आणि स्क्रीन रीडर : धाकट्या बहिणीसाठी सल्ला हवा आहे

माणगंगा

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. तिला आरपी आहे, म्हणजे रेटिनायटिस पिग्मेंटोजा. शाळेत असताना फक्त अंधारात अडखळायची. बी.ए. करताना बाजूचं दिसणं कमी होत गेलं आणि आता समोरचा एक लहान गोल तेवढा शिल्लक आहे. पुस्तक अजून वाचते, पण एकेका पानाला फार वेळ लागतो आणि संध्याकाळी डोकं धरून बसते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलंय, अपंगत्वाची टक्केवारी चाळीसच्या वर आहे. यंदा तिने एम.ए. मराठीला प्रवेश घेतला. स्वतःच्या आवडीनं घेतलाय हे मुद्दाम सांगते, कारण घरात सगळे तिला 'काहीतरी सोपं कर' म्हणत होते.

तिच्यासाठी वापरलेला लॅपटॉप घेतला. विंडोज १०, चार जीबी रॅम. त्यावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, टाकला. इंग्रजी वाचतो, वर्तमानपत्रांच्या साइटवरचं मराठीही वाचतो. पण विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेल्या पीडीएफ उघडल्या की एक तर निरर्थक इंग्रजी अक्षरं बडबडत सुटतो, नाही तर फाइल रिकामी आहे म्हणून गप्प होतो. मला स्क्रीनवर स्वच्छ मराठी दिसतंय आणि तिला ऐकू येतंय भलतंच. तालुक्याचा कॉम्प्युटरवाला म्हणतो, फुकटातलं सॉफ्टवेअर आहे म्हणून असं होतंय, जॉज हा विकतचा स्क्रीन रीडर घ्या, मी स्वस्तात टाकून देतो.

जॉजने खरंच फरक पडेल का? काही नोट्स मैत्रिणींच्या वहीतल्या असतात, फोटो काढून पाठवलेल्या, त्यांचं काय करायचं? परीक्षेला लेखनिक घ्यावा की आणखी काही सोय असते? आणि आई सारखी म्हणते, आत्तापासून कानानं वाचायची सवय लागली तर उरलीसुरली नजरही जाईल. तिला काय सांगू?

सह्यकडा

ताई, स्क्रीन रीडरच्या आधी विंडोजमधला मॅग्निफायर, म्हणजे स्क्रीनवरचं मोठं करून दाखवणारं भिंग, लावून बघा. विंडोजचं बटण आणि अधिकचं चिन्ह एकत्र दाबलं की सुरू होतो, विंडोज आणि एस्केप दाबलं की बंद. माझ्या वडिलांना मॅक्युलाचा त्रास आहे. ते अक्षर चौपट करून रोजचा पेपर वाचतात.

रंकाळा

माणगंगा ताई, मलाही आरपीच. बी.ए.च्या शेवटच्या वर्षात डोळ्यांनी वाचणं सुटलं, पुढचं सगळं शिक्षण कानांवर झालं. आता वरिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. तुमच्या धाकटीच्या वाटेवरून गेलोय म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मॅग्निफायरचं. सह्यकडा, तुमच्या वडिलांचं मधलं दिसणं कमी झालंय आणि कडेचं शाबूत आहे, म्हणून अक्षर मोठं केलं की त्यांना उपयोग होतो. आरपीत नेमकं उलट असतं. कडा जातात, मधला गोल राहतो. अक्षर चौपट केलं की त्या गोलात शब्द मावत नाही, एखादं जोडाक्षर मावतं. मग ओळ तुकड्यातुकड्यानं जुळवायची, आणि ओळ संपली की पुढची ओळ कुठे सुरू होते ते शोधत बसायचं. संध्याकाळी डोकं धरायची वेळ येते ती यातूनच. धाकटीला विचारून बघा, तिला बारीक अक्षरच बरं वाटत असेल. काळ्यावर पांढरं मात्र मानवेल, कारण आरपीत पांढऱ्या स्क्रीनची तिरीप फार टोचते. मॅग्निफायर चालू असताना कंट्रोल, आल्ट आणि आय दाबलं की रंग उलटतात. तेवढ्यापुरता तो ठेवा.

आईंना सांगा, आरपी हा डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींचा, जनुकांतून येणारा आजार आहे. डोळे वापरले म्हणून तो वाढत नाही आणि झाकून ठेवले म्हणून थांबत नाही. कानानं वाचल्यामुळे नजर जाणार नाही. उलट नजर आहे तोवर शिकणं सोपं जातं. अडलं तर डोळा लावून बघता येतं, पुढे जाता येतं. पूर्ण दिसेनासं झाल्यावर पहिला धडा गिरवायचा म्हणजे फार यातायात होते, ती मी केली आहे. आणि जी थोडी नजर आहे ती तिला हव्या त्या गोष्टींसाठी राहू द्या. पन्नास पानांच्या झेरॉक्सवर ती कशाला खर्च करायची?

आता जॉज. सॉफ्टवेअर उत्तम आहे, माझे कितीतरी मित्र बँकांमध्ये तेच वापरतात. पण तुमची ही फाइल जॉजलाही वाचता येणार नाही. आणि 'स्वस्तात टाकून देतो' म्हणजे चोरीची प्रत. परवान्याशिवाय जॉज चाळीस मिनिटं चालतो, मग मशिन पुन्हा सुरू करावं लागतं. ते टाळायला हे लोक जी काय कुलपं तोडतात त्यांतून लॅपटॉपमध्ये काय काय शिरेल याचा भरवसा नाही. एनव्हीडीए फुकट आहे तो कमी प्रतीचा आहे म्हणून नाही. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं २००६ मध्ये तो लिहायला घेतला, जेम्स टेह हा दुसरा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. डोळस माणूस जो कॉम्प्युटर विकत घेतो, तोच वापरायला अंध माणसाला वेगळे पैसे का पडावेत, एवढा साधा प्रश्न त्यांना पडला होता. माझं सगळं काम गेली कित्येक वर्षं त्याच एनव्हीडीएवर चालतं.

खरं दुखणं तुमच्या फायलींत आहे. मराठी छपाईत श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख असे युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचे फॉन्ट अजून सर्रास चालतात. विद्यापीठांच्या नोट्स, प्रकाशकांची पुस्तकं, सगळीकडे. या फॉन्टांत मराठी अक्षराला स्वतःची जागा नसते. इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. कृतिदेवमध्ये कोणी 'मराठी' असं टाइप केलं तर फायलीत ई, जे, के, मोठा बी आणि एच एवढंच साठतं. तुम्हाला वरचं चित्र दिसतं. स्क्रीन रीडरला साठलेलं दिसतं, तो तेच इमानदारीनं वाचतो.

म्हणून फाइल आली की पहिली परीक्षा ही : एक ओळ निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा. स्वच्छ मराठी उमटलं तर तुमचं नशीब. इंग्रजी अक्षरांचा चिवडा आला तर जुना फॉन्ट. ओळ निवडताच आली नाही तर ते पानाचं नुसतं चित्र आहे, स्कॅन केलेलं. चौथा प्रकार जरा फसवा असतो. मराठी येतं, पण जोडाक्षरं फुटलेली, वेलांट्या इकडच्या तिकडे, रफार गायब. फाइल युनिकोडमध्येच टाइप केलेली असते, पण पीडीएफ करताना बिघडते. अशा वेळी सरांकडे मूळ वर्ड फाइल मागायची. ती मिळाली की प्रश्न तिथल्या तिथे मिटतो. मागायला संकोच करू नका. बहुतेक प्राध्यापकांना हा घोळ माहीतच नसतो आणि कळला की ते आनंदानं फाइल देतात.

बाकीच्यांना ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारी सोय. गूगल ड्राइव्हवर फाइल चढवा, तिच्यावर शिफ्ट आणि एफ १० दाबून मेनू उघडा, 'ओपन विथ'मध्ये जाऊन गूगल डॉक्स निवडा. वर पानाचं चित्र आणि खाली मजकूर अशी नवी फाइल तयार होते. छापील मराठी तो बऱ्यापैकी ओळखतो. आख्खं पुस्तक एकदम देऊ नका, थोडी थोडी पानं तोडून द्या, नाहीतर मागची पानं सुटतात. जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टरही मिळतात, पण श्रीलिपीचे प्रकार अनेक आहेत. शिवाय जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. कन्व्हर्टर तिथे घसरला की प्रत्येक ओळीत कुठेतरी खडा लागतो. मी अशा पीडीएफची सरळ चित्रं करून घेतो आणि चित्रांचं ओसीआर करतो. ओसीआरला आत काय साठलंय याच्याशी देणंघेणं नसतं, तो दिसतं ते वाचतो.

ओसीआरनंतर काय बिघडतं तेही सांगून ठेवतो, म्हणजे धाकटी दचकणार नाही. अनुस्वार गळतात. तळटीप वाक्याच्या मधेच घुसते. पानाच्या डोक्यावरचं प्रकरणाचं नाव दर पानाला पुन्हा ऐकू येतं. दोन रकान्यांचं नियतकालिक असेल तर डावी-उजवी ओळ एकत्र होते. अभ्यासासाठी हे चालवून घेता येतं, कानाला सवय होते. पण कवितेचा पाठ किंवा ओवी उद्धृत करायची असेल तर डोळस माणसाकडून एकदा मूळ पानाशी ताडून घ्यायचीच. मराठीच्या विद्यार्थ्याला तिथे सवलत नाही.

वहीतल्या नोट्सचं सांगतो. मराठी हस्ताक्षराचं ओसीआर भरवशाचं नाही, त्यात वेळ घालवू नका. मैत्रिणीला सांगा, गूगल डॉक्समध्ये व्हॉइस टायपिंगला मराठी भाषा लाव आणि वही मोठ्यानं वाच. पूर्णविराम मिळणार नाहीत, नावं थोडी चुकतील, पण मजकूर हाती येतो आणि वाचणारीचीही उजळणी होते. माझ्या नोट्स माझ्या वर्गमित्रांनी कॅसेटवर वाचून दिल्या होत्या. हे त्याहून पुष्कळ बरं, कारण कॅसेटमध्ये हवा तो शब्द शोधता येत नसे, इथे कंट्रोल आणि एफ दाबलं की मिळतो.

आवाजाबद्दल थोडं. कंट्रोल, एनव्हीडीएचं बटण (म्हणजे इन्सर्ट) आणि व्ही दाबलं की आवाजाच्या सेटिंगची विंडो उघडते. तिथे ईस्पीक एनजीचा मराठी आवाज निवडा. तो यांत्रिक आहे, सुरुवातीला नको वाटतो. पण वेग कितीही वाढवला तरी शब्द फुटत नाहीत, म्हणून अभ्यासाला तोच कामाचा. ललित काही ऐकायचं असेल तेव्हा एज ब्राउझरमध्ये मजकूर उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबा. आरोही आणि मनोहर असे दोन मराठी आवाज आहेत, माणसासारखे. त्यांना इंटरनेट लागतं.

परीक्षेचं नंतर लिहितो, वर्गावर जायची वेळ झाली.

वाचनकट्टा

रंकाळा सरांनी फायलींचं सांगितलं, मी पुस्तकांचं सांगते. सांगली जिल्ह्यात एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे.

माणगंगा, ग्रंथालयात गेलात की 'आख्खं पुस्तक स्कॅन करता येत नाही, कॉपीराइट आहे' हे वाक्य ऐकायला मिळण्याची शक्यता दाट. चांगल्या मनानं, घाबरून बोलतात लोक. त्यांना कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(झेडबी) दाखवा. २०१२च्या दुरुस्तीनं ते आलं. अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तकाची प्रत करणं आणि ती खाजगी वापरासाठी, शिक्षणासाठी, संशोधनासाठी अपंग व्यक्तीला देणं हा कॉपीराइटचा भंग नाही, असं त्यात स्पष्ट आहे. नफा घ्यायचा नाही आणि प्रत भलतीकडे जाऊ द्यायची नाही, एवढी जबाबदारी आपली. पुढे अंधांना वाचता येतील अशा प्रतींसाठीचा आंतरराष्ट्रीय मराकेश करार झाला तेव्हा त्याला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश होता, २०१४ साली. कायदा एवढा आपल्या बाजूचा असताना मुलांनी हात हलवत परत का जायचं, असं मला फार वाटतं.

आम्ही असं करतो : सत्र सुरू व्हायच्या आधी मुलीकडून संदर्भग्रंथांची यादी घेतो. परीक्षा तोंडावर आल्यावर नाही. स्कॅन ३०० डीपीआयवर, ग्रेस्केलमध्ये. पुस्तकाचा कणा दाबून धरायचा, नाहीतर आतल्या कडेची अक्षरं वाकतात आणि ओसीआर तिथेच माती खातो. खिळे जुळवून छापलेली जुनी पुस्तकं असतील, शाई फुटलेली असेल, तर कॉन्ट्रास्ट थोडा वाढवायचा. मजकूर निघाला की एनएसएसच्या मुलांना एकेक प्रकरण तपासायला देते. मुलं मन लावून करतात, आणि त्यांचं शुद्धलेखन सुधारतं ते वेगळंच.

सुगम्य पुस्तकालयात नाव नोंदवा. केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागानं डेझी फोरम ऑफ इंडिया (अंधांसाठी पुस्तकं तयार करणाऱ्या संस्थांचा मंच) आणि टीसीएस यांच्यासोबत २०१६ मध्ये ते सुरू केलं. छापील अक्षर वाचता न येणाऱ्यांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय आहे. मराठी पुस्तकं इंग्रजीच्या मानानं कमी आहेत, पण संस्थेमार्फत मागणी नोंदवता येते. कॉपीराइट संपलेल्या लेखकांसाठी मराठी विकिस्रोत बघा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं बरंच काही मोकळं आहे, आणि तिथला मजकूर युनिकोडमध्ये, पुष्कळदा पानाशी ताडून पाहिलेला असतो. मराठी विश्वकोश सगळा संकेतस्थळावर आहे, तोही युनिकोडमध्ये. शब्दकोशांसाठी शिकागो विद्यापीठाचं दक्षिण आशियाई कोशांचं संकेतस्थळ आहे. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचा कोश, दोन्ही तिथे शोधता येतात. सात खंड मांडीवर घेऊन बसण्यापेक्षा डोळसांनाही ते सोयीचं पडतं.

पुण्याकडे जाणं होत असेल तर निवांत अंध मुक्त विकासालयात जाऊन या. मीरा बडवे यांनी ते उभं केलंय, महाविद्यालयीन वयाच्या अंध मुलामुलींसाठीच. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाचं झेवियर्स रिसोर्स सेंटर फॉर द व्हिज्युअली चॅलेंज्ड २००३ पासून आहे. बहिणीला तिच्यासारखी शिकणारी चार मुलं भेटतील, ते मला सॉफ्टवेअरपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

संत्रानगरी

मी डोळस आहे, पण सेरेब्रल पाल्सीमुळे हात कापतात. एम.कॉम. केलं. माझा अनुभव परीक्षेचा.

मला लेखनिक नको होता. आकडेमोड मनात एक आणि सांगताना दुसरी होते, लिहिणाऱ्याला ताळेबंदाची मांडणी समजावण्यात वेळ जातो. कॉम्प्युटरवर लिहितो म्हटलं तर सुरुवातीला उत्तर मिळालं, 'आपल्याकडे अशी पद्धत नाही.' मग केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाची २९ ऑगस्ट २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं छापून अर्जाला जोडली. परीक्षा ब्रेलमध्ये द्यायची, कॉम्प्युटरवर, मोठ्या अक्षरात की उत्तरं रेकॉर्ड करून, हे शक्य तोवर उमेदवाराला निवडू द्यावं असं त्यात होतं. दर तासाला किमान वीस मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. आणि ज्या कॉम्प्युटरवर परीक्षा द्यायची तो एक दिवस आधी तपासू द्यायचा. स्वतःचा लॅपटॉप चालत नव्हता. आपला कीबोर्ड, माउस अशा गोष्टी मात्र नेता येत होत्या. अर्ज मंजूर झाला.

आदल्या दिवशीची तपासणी अजिबात सोडू नका. माझं काम फिल्टर कीजवर चालतं, हाताचा नकळत लागलेला धक्का तो मोजत नाही. उजवा शिफ्ट आठ सेकंद दाबून धरला की सुरू होतो. केंद्रावरच्या मशिनवर तो बंद करून ठेवलेला होता. आदल्या दिवशी कळलं म्हणून निभावलं.

इथे वाचणाऱ्या इतरांसाठी : टक्केवारी चाळीसपेक्षा कमी असेल तर हक्क नाही असं समजू नका. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं लेखनिकाचा हक्क चाळीस टक्क्यांच्या अटीला बांधता येणार नाही असं ठरवलं. त्यानुसार १० ऑगस्ट २०२२ ला वेगळी मार्गदर्शक तत्त्वं निघाली. लिहिण्यात अडचण आहे असं वैद्यकीय प्रमाणपत्र त्यांत मागितलं होतं.

माणगंगा

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू. काल रात्री बहिणीबरोबर बसून नोटपॅडची परीक्षा घेतली. विभागाच्या बहुतेक फायली चिवडा निघाल्या, काही नुसती चित्रं. एका मॅडमची फाइल चौथ्या प्रकारातली होती. त्यांना बहिणीनं स्वतः मेसेज केला आणि त्यांनी वर्ड फाइल सकाळीच पाठवली, वर 'आधी का नाही सांगितलंस' म्हणाल्या. दुपारी तिने ते सगळं प्रकरण ऐकून संपवलं. एरवी तिला दोन-तीन दिवस लागले असते.

बारीक अक्षरच बरं वाटतं का, हेही विचारलं. हो म्हणाली. इतके दिवस आम्ही तिच्यासाठी मोठ्या अक्षरात झेरॉक्स काढत होतो आणि ती आम्हाला वाईट वाटू नये म्हणून गप्प होती.

आता तिचं म्हणणं, लेखनिक नको, कॉम्प्युटरवरच परीक्षा देते. पण मराठी टायपिंग येत नाही. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी करते ती. लॅपटॉपवर तेच चालेल का? आणि सत्राची परीक्षा हिवाळ्यात आहे, तोवर जमेल?

रंकाळा

जमेल. रोज थोडं केलं तर नक्की जमेल. ती लेखनिक नको म्हणाली याचा मला फार आनंद झाला. भाषेच्या विद्यार्थ्यानं आपलं वाक्य आपल्या हातानं लिहावं. सांगून लिहून घेतलेल्या वाक्याचे ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, परिच्छेद सगळे लेखनिकाच्या समजुतीनं पडतात आणि गुण आपले जातात.

पण इंग्रजी अक्षरांतून मराठी नको. त्यात टाइप केल्यावर शब्दांची यादी येते आणि तिच्यातून निवडावं लागतं. डोळ्यांनी ते पटकन होतं, कानानं दर शब्दाला थांबावं लागतं. शिवाय परीक्षेच्या मशिनवर ते टूल असेलच असं नाही. इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड शिकू द्या. तो विंडोजमध्ये आधीपासूनच आहे, भाषांमध्ये मराठी जोडली की झालं. विंडोज आणि स्पेसबार दाबून इंग्रजी-मराठी बदलता येतं.

इन्स्क्रिप्टची रचना बोटांना लवकर समजते. कीबोर्डवर एफ आणि जे या दोन बटणांवर बारीक उंचवटा असतो, दोन्ही तर्जन्या तिथे ठेवायच्या. एफवर पहिली वेलांटी आहे, जेवर र. मधल्या आणि वरच्या ओळीत डाव्या हाताला काना, मात्रा, वेलांट्या, उकार आणि उजव्या हाताला व्यंजनं. केवर क, शिफ्ट धरला की ख. एलवर त, शिफ्टनं थ. डीवर हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडायचा. खालच्या ओळीत एनवर ल, शिफ्ट धरला की आपला ळ. सीवर म, शिफ्टनं ण. क्रम उच्चाराचाच ठेवायचा. 'कवित्व' लिहायचं तर के, बी, एफ, एल, डी, बी. वेलांटी व्यंजनानंतर, जशी आपण बोलतो तशी. जुन्या टाइपरायटरवर शिकलेल्यांना हे जड जातं. तिची पाटी कोरी आहे, तिला जड जाणार नाही.

सरावाला एनव्हीडीए आणि २ दाबून दर अक्षर बोलायची सोय सुरू करा, म्हणजे चुकलेलं बटण तिथल्या तिथे कळतं. हात बसला की ते बंद करून एनव्हीडीए आणि ३ वर यायचं, मग शब्द पूर्ण झाल्यावर तो बोलतो. एनव्हीडीए आणि १ दाबलं तर कोणतंही बटण काय करतं ते नुसतं सांगतो, प्रत्यक्षात काही करत नाही. कीबोर्डची ओळख करून घ्यायला ते छान आहे. ऱ्हस्व-दीर्घ मात्र ऐकताना हमखास सुटतं, भरभर वाचनात 'कवि' आणि 'कवी' सारखेच वाटतात. शंका आली की उजव्या बाणानं अक्षर अक्षर ऐकायचं. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

आणि एक गोष्ट अर्जात लिहायला विसरू नका, ती संत्रानगरींना लागली नसेल पण हिला लागेल. प्रश्नपत्रिका. उत्तरं कॉम्प्युटरवर लिहायला परवानगी मिळते आणि प्रश्नपत्रिका मात्र छापील कागदावर हातात पडते. तिची सॉफ्ट कॉपी द्या म्हटलं तर ती जुन्या फॉन्टमध्ये निघते आणि पुन्हा तोच चिवडा. म्हणून अर्जात दोन्ही मागा : प्रश्नपत्रिका युनिकोड वर्ड फाइलमध्ये द्यावी, आणि ते शक्य नसेल तर ती वाचून दाखवायला वाचक द्यावा. वाचक आणि लेखनिक वेगवेगळे आहेत हेही स्पष्ट लिहा, नाहीतर वाचक दिला म्हणजे लेखनिक दिला असं धरून टायपिंगची परवानगी काढून घेतात.

केंद्रावरच्या मशिनवर काय काय हवं त्याची ओळही अर्जातच हवी. एनव्हीडीए, त्यात ईस्पीकचा मराठी आवाज, विंडोजमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट, चालणारा हेडफोन, स्वतंत्र खोली आणि यूपीएस. कंट्रोल आणि एस दर परिच्छेदाला. पेपर संपल्यावर उत्तरांचे प्रिंट तिच्यासमोर निघाले पाहिजेत आणि प्रत्येक पानावर तिचा बैठक क्रमांक पाहिजे, तो तिने पहिल्याच मिनिटाला हेडरमध्ये टाकून ठेवावा.

अर्ज विभागप्रमुखांमार्फत परीक्षा विभागाला द्या, एक प्रत समान संधी कक्षाला, सोबत यूडीआयडी कार्डाची प्रत, आणि स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. त्या वेळी लागू असलेले नियम लेखी मागा. परीक्षेच्या अर्जाबरोबर देऊ नका, त्याच्या पुष्कळ आधी द्या, म्हणजे नकार आला तरी भांडायला वेळ उरतो. मसुदा तयार झाला की इथे टाका. मी वाचून देईन, आणि वाचनकट्टा मॅडमनीही एकदा नजर घालावी अशी त्यांना विनंती.